उसना मामा आणि आंधळगावचा टाको

नागपूरचं काम आटोपलं आणि एक दिवस मोकळा मिळाला. भंडारा जिल्ह्यात शहापूर, आंधळगाव आणि एकोडी अशा तीन शाखांचं मेक्सिकन हॉटेल आहे, असं कळल्यावर मी सांगलीचं तिकीट पुढं ढकललं. धानाच्या मुलखात टाको, म्हणजे भाजी भरून दुमडलेली मक्याची पोळी, कशी तगली, ते बघायचं होतं.

शहापूरला महामार्गालगतच पाटी दिसली. खाली लिहिलं होतं, 'फक्त फॅमिलीसाठी'. गल्ल्यावरच्या बाईंनी माझ्या पाठीमागे डोकावून पाहिलं.

"फॅमिली कुठी आहे?"

"एकटाच आहे मी."

"मग नाही जमत जी. एकटा मानूस बसला का बायामानसं आत येत नाही."

"पार्सल द्या मग."

"टाको पार्सलात मऊ पडते. आमचं नाव खराब होते."

बावन्न वर्षं अविवाहित राहिल्याबद्दल अनेकांनी मला ऐकवलं होतं, पण उपाशी कुणी परत पाठवलं नव्हतं. मी हट्टानं आंधळगावची बस धरली. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं) पाण्यानं भरलेल्या, त्यांत वाकलेल्या बाया.

आंधळगावच्या शाखेबाहेर कडक इस्त्रीतले एक गृहस्थ फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते. शेजारी त्यांची मुलगी मेघा. आत एकोडीचे पाहुणे तिला बघायला येऊन बसले होते आणि तिच्या मामाची मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली होती.

"मामाबिगर बोलनी कशी करू?" गृहस्थ म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले. "तुमी एकटेच का जी?"

अशा रीतीनं मला फॅमिली मिळाली आणि त्यांना मामा.

आत प्रत्येक पाहुण्याला गवताची रुंद टोपी घालायचा रिवाज होता. मुलाचे वडील टोपीखाली अतिशय गंभीर बसले होते. वांग्याची भाजी भरलेले टाको आले, सोबत टमाट्याची चटणी.

"आमच्या एकोडीच्या ब्रँचले चटणी जास्त झणझणीत रायते," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मामा लय शुद्ध बोलून राहिले."

"लहानपनीच गेला तिकडे," मेघाचे वडील घाईनं म्हणाले.

मुलगा कुणी काही विचारलं की वडिलांकडे बघायचा. त्याच्या वडिलांनी टाको खाली ठेवला. "पोट्टी (मुलगी) पसंत आहे. नर्सिंग मात्र सोडा लागन. आमच्या घरच्या बाया नोकरी नाही करत."

मेघाचं शेवटचं वर्ष होतं. तिच्या वडिलांनी पाहुण्यांना आणखी एक टाको घ्यायचा आग्रह केला. मला चटणी वाढायला ती वाकली आणि हळूच म्हणाली, "मामा, मले नाही करायचं हे लग्न. बाबाच्यानं नाही म्हननं होत नाही. तुमी म्हना."

अर्ध्या तासापूर्वी मी या मुलीला ओळखत नव्हतो. पण खऱ्या मामालाही जे जड गेलं असतं, ते मला बोलणं भाग होतं.

"आमची भाची नर्सिंग सोडणार नाही," मी म्हणालो. "तेव्हा हे स्थळ आम्हाला नको."

तेवढ्यात दार उघडून हाताला ग्रीस लागलेला एक माणूस धापा टाकत आत आला. "माफ करा जी, मी पोरीचा मामा."

मुलाच्या वडिलांनी टोपी मागे सारली. "मग हे कोन?"

"हे बी मामाच," मेघा म्हणाली.

मुलाचे वडील नव्या मामाकडे वळले. "मामा, तुमीच सांगा आता. हे तर नाही म्हनून राहिले."

त्या माणसाला कशाचाच पत्ता नव्हता. त्यानं मला न्याहाळलं, मग भाचीचा चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"मोठ्या मामानं म्हटलं तेच," तो म्हणाला आणि माझ्याशेजारी टोपी घालून बसला.

पाहुणे निघून गेले. मेघाच्या वडिलांनी मला मोटारसायकलवरून स्टेशनला सोडलं; वाटेत अवाक्षर बोलले नाहीत. रागावले असतील असं मी धरून चाललो. जन्मभर माझ्या हो-नाहीवर कुणाचं काही अडलं नव्हतं. आज अडलं, तेही परक्याच्या घरात, आणि मला त्याची भीती वाटत होती नि बरंही वाटत होतं.

गाडी आली तेव्हा ते म्हणाले, "मी तर पोरीले इचारलंच नोतं जी." मग विचारलं, "तुमचं नाव काय?"

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा पुटपुटून पाहिलं.

"जाऊ द्या," ते म्हणाले, "मामाच बरं."