लेकीच्या घरची हुग्गी

अल्सरपायी माझं अर्ध्याहून जास्त जठर कापून काढलं. सत्तर सालानंतरची ही गोष्ट, ऑपरेशन सोलापुरातच झालं. चार भाकरी शेंगाचटणीशी सहज उडवणारा मी, अर्ध्या भाकरीपुढं घाम पुसत बसायला लागलो. डॉक्टरांनी बजावलं होतं, थोडं थोडं खा, गोडाच्या वाटेला जाऊ नका आणि जेवताना पाणी बिलकूल नको. ऐकायला सोपं हो! चार माणसांत बसून करून दाखवा म्हणावं.

त्यात धाकटीचं लग्न जमायचं होतं. बापाचं पोट कापलंय म्हटल्यावर पोरगी कोण करून घेणार? ऑपरेशनचं बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी तंबीच मी घरात दिली. थोरलीनंही अक्कलकोटला सासरी अवाक्षर काढलं नव्हतं.

पुढं बरा झाल्यावर तिच्याकडं गेलो. व्याह्यांनी पंगत मांडली. आमच्यात ताटात अन्न टाकणं म्हणजे पाप. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटांनी धुवायचं आणि ते पिऊन टाकायचं. मी आपला भाकरी चिवडत वेळ काढत होतो. तेवढ्यात विहीणबाई गव्हाची हुग्गी घेऊन आल्या. गुळात शिजलेली, वर तुपाची धार. "घ्या की, तुमच्या लेकीनंच केलीय!" म्हणत डावभर वाढलीसुद्धा. नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

चार घास पोटात गेले आणि काळीज धडधडायला लागलं. दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली, पोटात कळ उठली. भर पंगतीतून उठलो, तांब्या उचलला आणि धोतर सावरत परसाकडं पळालो. काय ती शोभा! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

परत आलो तर सगळे हात वाळवत बसलेले, आणि माझं ताट तसंच. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या घरचं ग्वाड रुचलं न्हाय वाटतं."

खरं सांगितलं असतं तर सुटलो असतो. पण धाकटी डोळ्यांपुढं आली. मी मान खाली घालून उभा राहिलो.

थोरली आतून आली. ती अजून जेवायची होती. सरळ माझ्या ताटावर बसली, हुग्गी संपवली, ताटात पाणी ओतलं, धुतलं आणि पिऊन टाकलं. लहानपणी तिनं टाकलेलं मी असंच संपवायचो. "अप्पांचं ताट हाय," एवढंच सासूला म्हणाली. मी मात्र मेल्याहून मेल्यासारखा झालो.

निघताना ती पाया पडायला वाकली आणि हळूच म्हणाली, "अप्पा, पुढच्या वेळी घरनं जेवूनच या."

रागानं नाही, काळजीनंच म्हणाली. पण लेकीवर बापाला हे सांगायची पाळी यावी! सोलापूर येईस्तोवर एसटीत मी तोंडावर उपरणं घेऊन बसलो होतो.