हुंकार थांबला की गोष्ट थांबली

रघुवीर आठल्ये यांच्यावर मी पहिल्यांदा चिडले ती कॉव्हेंट्रीच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत. हॉस्पिटलात भूल देण्यात माझी हयात गेली, तिथला एक चांगला रंगलेला किस्सा मी सांगत होते आणि हे गृहस्थ समोर बसून दर वाक्याला "हं... हं..." करत होते. मी म्हटलं, "अहो, घाई आहे का तुम्हाला?"

बिचारे ओशाळले. "नाही हो, सुप्रभाताई. सवय आहे. हुंकार दिला नाही तर सांगणारा थांबतो, असं आमच्या अक्कानं शिकवलंय."

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, मिरजेला असते. आई लवकर गेली, वडील रेल्वेत, कायम फिरतीवर. तेव्हा या धाकट्याला अक्कानंच वाढवलं. रात्री अंथरुणात ती गोष्ट सांगायची आणि अट एकच, प्रत्येक वाक्याला हं म्हणायचं. हं थांबला की पोरगं झोपलं असं समजून गोष्ट बंद, दिवा बंद. रघुवीर शेवट ऐकायला मिळावा म्हणून डोळे ताणून हं हं करत राहायचे. साठी आली तरी तो हं काही सुटला नाही.

पीएचडीला म्हणून हा माणूस इंग्लंडला आला आणि इथलाच झाला. लग्न झालं, मोडलं. मुलगा अर्णव क्रॉयडनला असतो. पोरगा वाईट नाही, पण बापाच्या लांबलचक मेसेजला नुसता अंगठा पाठवतो. मला त्या अंगठ्याचा भयंकर राग येतो. रघुवीरना येत नाही. ते म्हणतात, "बिझी असतो हो तो."

त्यांचं काम गावाबाहेरच्या एका लॅबमध्ये. फोनवरच्या बोलण्यातून गोंगाट काढून टाकायचा, यावर त्यांचं संशोधन. मी खोदून खोदून विचारल्यावर त्यांनी मला समजेल असं सांगितलं होतं. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला विचारायचं, तू बोलणं आहेस की गोंगाट? हजारो तासांची बोलणी ऐकवून कॉम्प्युटरला हे ओळखायला शिकवतात. गोंगाट ठरला की तो तुकडा पुसला जातो. तुम्ही स्टेशनवर उभे असा की धबधब्याखाली, पलीकडच्याला फक्त तुम्हीच ऐकू येता. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. एरवी तो चेहरा खुललेला मी फारसा पाहिला नाही. लॅबमधली निम्मी माणसं घरून काम करतात, मीटिंगमध्ये सगळे आपापला माइक आणि कॅमेरा बंद करून बसतात आणि हा माणूस एकटाच काळ्या चौकोनांशी बोलत असतो.

मागच्या वर्षी अक्काला अर्धांगाचा झटका आला. कळतं सगळं, पण शब्द गेले. राहिला तो एक हं. तोंड वाकडं झालं म्हणून ती कॅमेऱ्यासमोर यायला तयार नाही, त्यामुळे नुसत्या आवाजावर कारभार. रघुवीर रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन लावायचे. तिथे तेव्हा दिवेलागणीची वेळ. आता सांगणारा हा आणि हं म्हणणारी ती. दिवसभरात या माणसाचं खरं बोलणं झालं तर तेवढंच.

नाताळच्या सुट्टीत ते मिरजेला जाऊन आले आणि येण्यापूर्वी त्यांनी एक उद्योग केला. अक्काच्या टॅबवर आपल्या लॅबचं नवं, अजून चाचणीतलं सॉफ्टवेअर घालून दिलं. तिच्या खोलीत पंखा खडखडतो, शेजारी कुकर, खाली रिक्षा. "आता अक्का अगदी क्लिअर ऐकू येईल," असं मला दोनदा सांगितलं त्यांनी. एवढे खूश होते.

त्यानंतर महिनाभर माणूस दिसलाच नाही. फोन उचलेना. मंडळाच्या संक्रांतीलाही आले नाहीत. शेवटी एका रविवारी मी भरली वांगी डब्यात घालून त्यांच्या दारात उभी राहिले. स्वयंपाकघरात सिंकमध्ये एक कप आणि एक चमचा. दुसरं काही शिजल्याचं चिन्ह नाही. मी तोंड सोडणार होते, पण त्यांच्याकडे बघून डबा नुसता ओट्यावर ठेवला.

"अक्कानं हुंकार सोडला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी बोलतो, थांबतो. पलीकडे काही नाही. पिन ड्रॉप सायलेन्स. वाटतं झोपली असेल, म्हणून ठेवतो फोन. रोज तेच. कंटाळली असेल हो. मी तरी रोज काय सांगणार, इथलं वेदर?"

"नजमाला विचारलंत?" नजमा म्हणजे अक्काची काळजी घेणारी बाई.

"नाही."

"का?"

"ती 'हो, कंटाळल्यात' म्हणाली तर?"

आता मात्र मला राहवलं नाही. एवढा शिकलेला माणूस आणि हे डोकं! मी त्यांचाच फोन उचलून त्यांच्या हातात कोंबला. "लावा. नजमाच्या मोबाइलवर लावा, आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी लावला आणि अक्का कंटाळल्यात का, ते चाचरत विचारलं. नजमाचा आवाज स्पीकरवर खणखणीत आला.

"दादा, कट्टाळतील कशाला? अक्का रोज हं म्हनतात की! तुमीच मधी फोन ठेवता. मग त्या किती येळ टॅबकडं बघत बसतात. आता दोन दिस झालं, त्यांनीबी हं म्हनायचं सोडलंय."

रघुवीर खाली बसले.  मग लॅपटॉप उघडून त्यांनी मला एकाखाली एक अशी आवाजाची दोन चित्रं दाखवली, वर गोंगाट काढण्यापूर्वीचं, खाली नंतरचं. सॉफ्टवेअर घालताना त्यांनी अक्काच्या खोलीतला थोडा आवाज रेकॉर्ड करून घेतला होता, पण तेव्हा घाईत नुसता पंखा गेला की नाही एवढंच पाहिलं होतं. वरच्या चित्रात पंख्याच्या करड्या पट्ट्यात एक छोटी आडवी रेघ होती. खालच्या चित्रात पंखाही नव्हता आणि ती रेघही नव्हती.

"हा अक्काचा हं. तोंड मिटून, नाकातून, एका सुरात. मशीनला तो फ्रिजच्या घरघरीसारखा वाटतो. आम्ही शिकवतानाच तसं शिकवलंय. मीटिंगमध्ये मीच म्हटलं होतं, असल्या हुंकारात एकही शब्द नाही, पुसला तरी चालेल. सगळ्यांना पटलं." त्यांनी वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "मला, सुप्रभाताई. मला कळायला नको होतं?"

 मी वांगी गरम करायला ठेवली.

त्यांनी नजमाला टॅबवरचं त्या सॉफ्टवेअरचं निळं बटण बंद करायला सांगितलं आणि पुन्हा अक्काला फोन लावला. पंख्याची खडखड, कुणाचा तरी कुकर, रिक्षांचे हॉर्न, सगळी मिरज त्या थंडगार स्वयंपाकघरात घुसली.

"अक्का, मी बोलतोय."

पंखा.

"अक्का, माझं चुकलं. तू हं म्हणत होतीस, मला ऐकू येत नव्हतं. रागावलीस?"

नुसता पंखा. रघुवीरनी माझ्याकडे पाहिलं. मी हातानंच खूण केली, बोला, बोला.

मग ते बोलत राहिले. हुंकाराशिवाय बोलणं त्यांना किती जड जातं ते मी पाहत होते. प्रत्येक वाक्याशी अडखळत होते. शेवटी त्यांनी भोपळ्याची गोष्ट काढली. ती मला पाठ होती. लहानपणी दोघं सतारमेकर गल्लीत खेळायला गेली आणि दुकानासमोर वाळत घातलेला सतारीचा भोपळा कुणाच्या तरी हातून फुटला. कुणाच्या, यावर बहीणभावांचं जन्माचं भांडण. ती म्हणायची तूच फोडलास, हे म्हणायचे तूच.

"दुकानदार धावत बाहेर आला," रघुवीर सांगत होते, "तू माझा हात धरून पळत सुटलीस. अक्का, आज सांगून टाकतो. तो भोपळा माझ्याच हातून फुटला होता."

खडखडीतून, कुकरच्या शिटीखालून, घोगरा आवाज आला.

"अंहं."

रघुवीरनी टेबलाची कड धरली.  गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मीही पाठ फिरवून वांगी उगाच ढवळत राहिले. पंखा तेवढा वाजत होता.

गोष्ट अर्ध्यावरच थांबली होती. पलीकडे अक्कानं थोडी वाट पाहिली. तिनं फोन ठेवला नाही.

"हं?" ती म्हणाली.