हिरड्यांवर उभी यानं

माझ्या मामाने चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडात एकही खोटा दात नाही. हे तो येईल त्याला ऐकवतो. मी जन्माची फटकळ. मी म्हणते, "मग चणे खाऊन दाखव, सांगतोस काय नुसतं." तो हसतो आणि पुन्हा भिंगात डोकं घालतो.

माझ्या घराला रंग द्यायचा होता, म्हणून पंधरा दिवस त्याच्याकडे राहायला गेले, तर जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नाही. काळं कापड अंथरलेलं आणि त्यावर बोटाएवढी अवकाशयानं. हा त्याचा आणि त्याच्या जुन्या दोस्ताचा, पोस्टमास्तरांचा खेळ, गेली एकवीस वर्षं, दर रविवारी दुपारी. प्रत्येकाची आठ यानं, त्यातलं एक मोठं, ते उडालं की डाव गेला. पट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि एकमेकांची यानं उडवायची. दोन रिटायर झालेली माणसं, नातवंडं खेळवायच्या वयाची, आणि उद्योग काय, तर हा.

पण या वेळी सोळाच्या सोळा यानं मामाकडेच होती. मास्तरांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं धूसर दिसायचं, समोरचं काहीच नाही. त्यांनी आपली यानं खोक्यात घालून पाठवून दिली आणि फोनवर सांगितलं, "मला अंतर दिसत नाही, फासे दिसत नाहीत. म्हणजे तू म्हणशील ते खरं. आणि तू मला मुद्दाम जिंकू देणार, तुला काय मी आज ओळखतो? त्यापेक्षा खेळ बंद केलेला बरा."

मामा दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कवळ्यांच्या कामाची पेटी खाली काढली.

"आम्ही अंतर यानापासून मोजत नाही," तो मला म्हणाला, "बैठकीपासून मोजतो." बैठक म्हणजे खालची चकती. तिच्यातून एक काडी वर येते आणि काडीवर यान बसतं. "बैठक बोटांना वाचता आली की काम झालं."

वेड लागलंय याला, असं मला वाटलं. पण मग खुर्ची ओढून मीच बघत बसले. मला चौकशी केल्याशिवाय राहवत नाही, आईपासूनचा रोग आहे तो. त्याने कवळीची गुलाबी पूड औषधात कालवली, साच्यात ओतली. वास असा, की माझ्या डोळ्यांना पाणी. प्रत्येक चकतीच्या पोटात त्याने लोहचुंबक बसवलं आणि टेबलावर कापडाखाली पत्रा घातला, म्हणजे चाचपताना यान सरकणार नाही. यानाचं नाक जिकडे, तिकडे खाच. मास्तरांच्या बैठकांची कड गुळगुळीत, मामाच्या बैठकांची दातेरी. मोठ्या यानाला एका कुशीत मोठ्या तोफा असतात, दुसरीत लहान. बैठकीवर मोठ्या तोफांच्या बाजूला दोन ठिपके, लहानांच्या बाजूला एक. फाशांवरचे ठिपकेही त्याने उंच करून घेतले, पट्टीवर खाचा पाडल्या.

"अरे, सगळी यानं हिरड्यांवर उभी केलीस," मी म्हटलं. "अवकाशात हिरड्या असतात होय?"

"आता आहेत," मामा म्हणाला आणि चकती घासत राहिला.

मला डोळे मिटायला लावून त्याने परीक्षा घेतली. एक ठिपका चुकले तर म्हणे, बोटं आहेत की भेंड्या. मग त्याने मास्तरांना फोन केला. "एक डाव खेळायला ये. मी मुद्दाम हरतोय असं वाटलं तर उठून जा, पुन्हा बोलावणार नाही."

मास्तर रविवारी आले ते तोंड पाडूनच. पण बैठकांवरून बोटं फिरली आणि त्यांची पाठ सरळ झाली. तासाभरात त्यांनी मामाची चार यानं उडवली. अंतर स्वतः मोजत होते, फासे स्वतः चाचपत होते. मग त्यांनी आपलं मोठं यान पुढे घेतलं, वळवलं, दोन ठिपक्यांची कूस मामाच्या तीन यानांसमोर आणली. "संपलास तू, दातवाल्या," म्हणाले.

मामाने नियमांचा तक्ता माझ्याकडे सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मोठ्या तोफा डाव्या कुशीला. मी बैठकीकडे पाहिलं. दोन ठिपके यानाच्या उजव्या कुशीला होते. कवळी करताना समोरच्याचं डावं ते आपलं उजवं. हाताने सवयीने तेच केलं होतं, पण ठिपके पाडताना यानाचं तोंड मामाकडे नव्हतंच, तो यानाच्या मागच्या बाजूला बसला होता.

मी मान हलवली, बोलू नकोस. मास्तरांना तक्ता वाचता येत नव्हता. कुणाला कळणार होतं?

"मास्तर, चुकलो," मामा म्हणाला. "ठिपके उलटे पडलेत. दातांची सवय. तुझ्या मोठ्या तोफा पलीकडे आहेत, जिकडे माझं एकही यान नाही. यान परत वळव."

मास्तरांचा चेहरा उतरला. "ठेवलेलं यान हलवायचं नाही," ते म्हणाले. "एकवीस वर्षांत हलवलंय कधी? मी लहान तोफांनी मारतो." त्यांनी फासा टाकला, तो वाया गेला. "आता तू मार."

मामाने तिन्ही यानांचे फासे टाकले. मास्तरांनी ते एकेक चाचपले, अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. आणि आपलं उडालेलं मोठं यान आपल्याच हाताने उचलून घेतलं. मला मामाचा इतका राग आला की मी उठून उभी राहिले. एक डाव जिंकू दिला असता तर काय बिघडणार होतं?

मास्तर त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवत बसले होते.

"मी जिंकत होतो."

"हो," मामा म्हणाला.

"आणि तू मारलंस मला."

"मारलं."

मास्तरांनी यान मामाच्या हातात दिलं. "हे नीट करून ठेव. रविवारी मी जरा लवकर येईन, चाचपून खेळायला वेळ लागतो."