न प्यायलेल्या दारूची शपथ

बारावीच्या जीवशास्त्रातला डीएनएचा धडा मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. त्या आठवड्यात मॅडमच्या वाटेला जायचं नाही, असं पोरं एकमेकांना बजावतात, हे मला ठाऊक आहे. पिळाची शिडी फळ्यावर काढते, ए समोर टी, जी समोर सी लिहिते, शिडी मधोमध उकलून दोन्ही बाजूंना नव्या जोड्या बसवून दाखवते. तोवर सगळं ठीक असतं. मग पहिल्या बाकावरचं कुणीतरी शहाणं विचारतं, "मॅडम, कॉपी करताना चूक झाली तर?" चूक झाली तर काय होतं, ते मी घरी पाहिलंय. माझ्या वडिलांचा आजार तसल्याच एका चुकीतून आलेला होता आणि तो माझ्यात उतरला असण्याची शक्यता निम्मी आहे. मी अजून तपासून घेतलेलं नाही.

अप्पा चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपला होते, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट काढायचे. पंचेचाळिशी उलटली आणि त्यांच्या हातांना आपोआप झटके यायला लागले. चालताना तोल जायचा, जीभ जड व्हायची. रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरायचे आणि कांदा मार्केटसमोरून घरी यायचे, तेव्हा तिथले हमाल हसायचे. "काय राव, सकाळी सकाळीच?" अप्पा तसेच पुढे चालत राहायचे. पुढे कंपनीच्या गेटवर त्यांना रोज यंत्रात फुंकायला लावायला लागले. यंत्र शून्य दाखवायचं. सुपरवायझर म्हणायचा, यंत्रच बिघडलेलं दिसतंय. त्यांना प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं. त्याचा मला तेव्हा संताप आला होता, पण बोटं शाबूत राहिली ती त्यामुळेच.

अप्पांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण आमच्या चाळीत झोकांड्या खाणाऱ्या माणसाचा दुसरा काही आजार असू शकतो, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्यात आजोबाही असेच डुलत डुलत गेलेले. गावात त्यांना बेवडाच म्हणायचे. ते खरंच पीत होते का, हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही. आईला मात्र खात्री होती. "खाण तशी माती," ती म्हणायची. म्हण तिची बरोबर निघाली, चुकली ती फक्त दारू.

आमच्या मूळ गावाजवळ, लातूरकडे, एक मठ आहे. गुरुवारी तिथे बायका आपापल्या नवऱ्यांना घेऊन येतात. नवऱ्यानं नारळावर हात ठेवून दारू सोडल्याची शपथ घ्यायची, मग गळ्यात काळा दोरा बांधतात. आई अप्पांना घेऊन गेली. मीही सोबत होते. आजूबाजूचे लोक खरोखरचे पिणारे, काही जण तर तिथेही घेऊनच आलेले. अप्पांचा हात नारळावर ठरेना, तेव्हा पुजाऱ्यानं तो वरून दाबून धरला. न प्यायलेली दारू त्यांनी सर्वांदेखत सोडली. परतताना एसटीत ते आईला म्हणाले, "आता तरी पटलं का?" आई पहिल्यांदाच हसली.

पण दोऱ्यानं झटके थोडेच थांबणार? ते वाढतच गेले. आणि ज्या माणसानं शपथ घेतली त्याचा तोल पुन्हा जातो, याचा अर्थ आईच्या लेखी एकच होता. देवाला फसवलं म्हणून तिनं अप्पांशी बोलणं टाकलं. ताट समोर सरकवायची आणि उठून जायची. शपथेआधी ते तिच्यासाठी नुसते दारुडे होते. शपथेनंतर ते देवाचेही चोर झाले. अप्पा मुकाट जेवायचे, निम्मा भात ताटाबाहेर सांडायचा, आणि आई तो रागारागानं पुसायची.

शेवटी पिंपरीच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. आजाराला नाव होतं, इंग्रजी. आईला ते कधी घेता आलं नाही. एका जनुकात सी, ए, जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, सगळ्यांच्यातच येतात. अप्पांच्यात ती फार जास्त वेळा आली होती. पेशी ते जसंच्या तसं आरएनएत उतरवते आणि त्याबरहुकूम लांबलचक, बिघडलेलं प्रथिन बनवते. त्यानं मेंदूतल्या पेशी मरत जातात. मला राग येतो तो याचाच. पेशी कामचुकारपणा करत नाही, लिहिलंय ते इमानेइतबारे बनवते. जन्मापासून लिहिलेलं असतं आणि दिसतं पोरंबाळं झाल्यावर.

आईनं डॉक्टरांना एवढंच विचारलं, "म्हंजी हे पीत नव्हते?"

"नाही, ताई."

ती तिथेच खुर्चीवर बसून मोठमोठ्यानं रडायला लागली. "मी शपथ घ्यायला लावली वो ह्यांना." अप्पांचं बोलणं तोवर कळेनासं झालं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला म्हणून हात उचलला आणि तो झटक्यानं तिच्या कानावर बसला. डॉक्टरांनी मान खाली घातली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, तुमचंही एकदा बघून घ्यावं लागेल, निम्मी शक्यता असते. आईचं रडणं थांबलं. तिनं ते ऐकलं होतं.

अप्पा गेल्याला आता वर्ष होईल. तपासणी मी टाळते, कारण या आजारावर औषध नाही. कळलं तर करणार काय? मला भीती वाटते, आणि भीती वाटते असं म्हणायची लाज वाटत नाही.

आई घरी साड्यांना फॉल लावून देते. अलीकडे मी कॉलेजातून आले की ती सुई-दोरा पुढे करते. "ओवून दे गं, मला दिसंना झालंय." मी ओवून देते. ती सुईकडे बघत नाही, माझ्या बोटांकडे बघते. हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. लक्षात आल्यावरही मी ओवून देत राहिले. दोरा गेला की ती "बरं झालं" म्हणते आणि चहा टाकते.

परवा दोरा गेला नाही. दिवसभर पेपर तपासून बोटं अवघडली होती, असं मी स्वतःला सांगितलं. दोऱ्याचं टोक ओलं करून पुन्हा घातला, तो नेढ्याच्या बाजूनं निसटला. पुन्हा निसटला. आईचा श्वास मला ऐकू येत होता. तिनं माझ्या हातातून सुई घेतली, डोळ्यांजवळसुद्धा नेली नाही, आणि एका दमात दोरा ओवला.

"लाइटच कमी हाय आज," ती म्हणाली, आणि मान खाली घालून फॉल टाचायला लागली.