ढिली दांडी

हसनचाचा गेल्याची बातमी मला मासळीवालीने सांगितली. पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "तुमच्या पोरीची खुर्ची केलान ना, ते मिरकरवाड्यातले म्हातारे... सकाळीच गेले." खोटं कशाला बोलू, मला आधी रडू आलं नाही. आता खुर्चीचं काय, हाच पहिला विचार. माणूस गेलाय आणि मी खुर्चीची काळजी करतेय, म्हणून स्वतःचाच राग आला. मासळी न घेताच मी तिला परत पाठवलं.

माझा स्वभाव मुळातच भित्रा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्यामागे लहानपणापासून आहे. त्यात माझी सायली जन्मली ती मान न धरणारी. चार वर्षांची झाली तरी बसवली की एका बाजूला कलायची. अंग घटकेत ताठ, घटकेत कणीक. डॉक्टर म्हणाले, हिला आधाराची झुलती खुर्ची करून घ्या, झुलून झुलून अंग सैल होईल, तोल कळायला लागेल. झुलती! जी पोर जमिनीवर बसवली तरी पडते तिला झुलत्या खुर्चीत ठेवायची, या कल्पनेनेच मला दोन रात्री झोप लागली नाही. गावातल्या दोन सुतारांनी हात जोडले. तिसरा म्हणाला, मिरकरवाड्यात होड्या बांधणारे हसनचाचा आहेत, डोलणाऱ्या वस्तू त्यांना कळतात. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट.

बंदराजवळ नारळाच्या झापांच्या मांडवात अर्धी होडी उभी होती आणि तिच्या पोटात बसून चाचा फळी तासत होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी सायलीला मांडीवर घेतलं, दोरीला गाठी मारत मारत तिची पाठ, मांड्या, मान मापली आणि मग तसेच बसल्या जागी तिला घेऊन डोलायला लागले. माझा जीव खालीवर. सायली मात्र गप्प, डोळे मोठे करून. चाचा म्हणाले, "हिला भ्या वाटत नाय. भ्या तुला वाटतंय, बाय." मला ते लागलं. मनात म्हटलं, तुमची पोर असती म्हणजे कळलं असतं.

खुर्ची झाली ती फणसाच्या लाकडाची. दोन्ही बाजूंना उंच हात, पोटाला पट्टा, डोक्याला उशी. सायलीच्या वजनाची वाळूची पिशवी आत बसवून चाचांनी खुर्ची मागे रेटली, पुढे रेटली. दर वेळी खुर्ची आपली जागेवर परत. "आता पोर बसव." मी बसवली आणि दोन्ही हातांनी पाठ गच्च धरली. खुर्ची हलेचना.

"सोड गो."

"नाही सोडणार."

"दोन बोटं तरी सोड!"

मी रडायलाच लागले. जाळी विणणारी माणसं काम टाकून बघत होती. वाटलं, आता हा माणूस ओरडणार. चाचांनी खुर्ची उचलून आत ठेवली आणि म्हणाले, "आठ दिसांनी ये."

आठ दिवसांनी खुर्चीच्या पाठीला एक आडवी दांडी बसलेली होती, माझ्या मुठीत बरोबर मावेल अशी, घासून गुळगुळीत केलेली. "ही धर. आता नको सोडू." मी धरली. सायलीने पाठ मागे टाकली आणि खुर्ची डोलली... माझी पोर आवाज काढून हसली, पहिल्यांदा. दांडी मात्र टक्, टक् वाजत होती. बघितलं तर तिच्या दोन्ही टोकांच्या खाचा चांगल्या वीतभर लांब, त्यात ती मागेपुढे सरकत होती. म्हटलं, "चाचा, दांडी ढिली राहिलीय."

"राहू दे."

"अहो, पण पडली म्हणजे?"

"धक्क्याला होडी ताणून बांधतंय काय कोण? भरती आली की फुटंल ना ती."

मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर अधू, खाच चुकून लांब झाली, आता होडीचं नाव पुढे करून सारवासारव चाललीय.

पुढची सहा वर्षं त्या टक्‌टकीने माझा जीव खाल्ला. सायली खुर्चीत असली की मी मागे, दांडी धरून. वाजली की काळजात धस्स व्हायचं. म्हणून मी खाचेत थोड्या चिंध्या कोंबायची, आवाज दबेल इतक्याच. चाचा शुक्रवारी नमाज झाली की खुर्ची तपासायला येत, चिंध्या ओढून काढत, खिशात घालत आणि चहा पीत. मी शनिवारी परत कोंबायची. सायली वाढली तशी खुर्चीही त्यांनी दोनदा वाढवून दिली. तोवर सावर्ड्यापासून मुरुडपर्यंतचे आईबाप तशीच पोरं घेऊन त्यांच्या मांडवात यायला लागले होते. होड्या बांधणं सुटत गेलं. एकदा मी विचारलं, "चाचा, तुम्हाला भीती नाही वाटत कधी?" म्हणाले, "खुर्ची द्यायच्या दिशी घास उतरत नाय. होडी उलटली तर खलाशी पोहतंय. हे पोर कुठं पोहणार?" त्यांनाही भीती वाटते हे ऐकून मला, काय सांगू, जरा बरंच वाटलं.

ते गेले त्याच दिवशी मी खाचा ठासून भरल्या. आता दुरुस्त करणारं कोणी नाही, काही ढिलं राहायला नको. आणि सायली झुलायची थांबली. पाठ मागे रेटायची, खुर्ची जरा हलून अडायची, मग ती रडायची. एक आठवडा, दोन आठवडे... माझी तर बोबडीच वळली. दुखणं वाढलं, अंगातलं होतं नव्हतं ते बळ गेलं, असंच मी धरून चालले. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, पोर आहे तशीच आहे. माझा विश्वास बसेना.

तशातच चाचींना भेटायला गेले. मांडवात चाचांच्या हातच्या शेवटच्या दोन खुर्च्या होत्या. सवयीने माझा हात पाठीमागे गेला. दांडी नव्हती. दुसरीला बघितलं, तिलाही नाही.

"चाची, यांच्या दांड्या बसवायच्या राहिल्या?"

चाचींनी डोळे पुसले. "दांडी फकस्त तुझ्याच खुर्चीला, गो. पोरीला खुर्ची चार दिसांत झाली, आयशीला दांडी करूक आठ दिस लागले, असं बोलायचे. तुझा हात धरलेला रवंल नि पोर डोलत रवंल म्हणून खाच लांब ठेवलेली. खरंच कलंडली तरच दांडी अडणार नि तू धरणार. तू चिंध्या कोंबतेस म्हणून घरी येऊन कावायचे हो!"

पोरीचं दुखणं वाढलं नव्हतं. मीच तिला तीन आठवडे घट्ट धरून ठेवलं होतं.

घरी येऊन विणायच्या सुईने चिंध्या उकरून काढल्या. सायलीला बसवलं, पट्टा लावला, मागे जाऊन दांडी धरली. छाती धडधडत होती, अजूनही धडधडते, त्यात काही फरक नाही. सायलीने पाठ मागे टाकली. टक्. मग परत... टक्.

आता शुक्रवारी दुपारी मी चहा टाकते आणि आधी दोन्ही खाचांत बोट घालून बघते. परवा एका खाचेत चिंधी सापडली. कधी कोंबली, मलाच आठवत नाही.