रानमेंढ्यांची टक्कर आणि तिसरा

बहरीनला, मनामातल्या एका स्टुडिओत मी व्हिसासाठी लोकांचे फोटो काढायचो. दिवसभर गिऱ्हाइकाची हनुवटी वर-खाली करायची, एवढंच काम. एका ऑक्टोबरात, उकाडा जरा उतरल्यावर, मालकाने कॅलेंडरची ऑर्डर आणली. एका कंपनीला टक्कर घेणारे रानमेंढे हवे होते. "जोश दिखना चाहिए," मालक म्हणाला.

हमद टाउनच्या पुढे, वाळवंटात कुंपण घालून जनावरं ठेवली होती. आफ्रिकेतून आणलेले मेंढेही त्यात होते. स्टुडिओची गाडी चालवणारा दापोलीकडचा मुसलमान गडी माझ्याबरोबर आला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाई म्हणायचो.

पहिल्या शुक्रवारी मेंढे सावलीत बसून रवंथ करत होते. त्यांच्याकडे बघत भाई मटणाच्या मांड्या आणि चाप यांचा हिशोब करत राहिला. जिदहफ्स गावचा म्हातारा राखणदार म्हणाला, "आज मफी, काही नाही. पुढच्या जुम्याला, इंशाल्ला."

पुढच्या शुक्रवारी मात्र वाऱ्यावरूनच वास आला. नर माजावर आले होते. वरचा ओठ उचलून मादीच्या मागे हुंगत फिरत होते. गावच्या जत्रेत आमचे काही मान्यवर असेच फिरत.

दोन दांडगे मेंढे समोरासमोर आले, पंधरावीस पावलं मागे हटले आणि धावले. फाटकन आवाज झाला. मी दचकलो, बटण उशिरा दाबलं. पुन्हा हटले, पुन्हा धावले. मी कधी आधी दाबायचो, कधी नंतर.

"अरे मेल्या, ते व्हिसाला आलेत काय? थांबायचे नाय ते तुझ्यासाठी!" भाई ओरडला.

शेवटून दुसऱ्या फोटोला जमलं. शिंगांना शिंगं भिडलेली, धूळ उडालेली. मी भाईला मिठीच मारली.

फिल्म धुतल्यावर मालक भिंग लावून बराच वेळ बघत राहिला. "ये पीछे क्या है?"

मागे, दोघांच्या शिंगांच्या बरोबर मधे, तिसरा एक किरकोळ मेंढा मादीवर चढला होता. तो कापावा तर शिंगंही कापली जात होती. कंपनी सभ्य होती. कॅलेंडरवर शेवटी होडी आली आणि मला आठवडाभर शिव्या.

एक प्रत मी खोलीवर नेली. आम्ही सहाजण, त्यातले चार लग्न झालेले. लोक हसून हसून गादीवर लोळले. भाई सगळ्यात जास्त हसला. मग फोटो हातात धरून म्हणाला, "आपण हितं डोकी फोडतो. सव्वादोन वर्षं झाली, घर बघितलं नाय."

एकाने उठून चहा टाकला.

शनिवारी भाई मालकापुढे उभा राहिला. "लीव्ह चाहिए."

"डिसेंबर के बाद देखेंगे."

"डिसेंबर तक मैं नहीं रुकता. खलास."

मालकाने नोकरी घालवायची धमकी दिली, पण एवढे रस्ते माहीत असलेला ड्रायव्हर त्याला दुसरा कुठे मिळणार होता? दोन महिन्यांची रजा मिळाली. भाई गेला, परत आला, येताना सुकट आणली. खोलीला तीन दिवस वास येत होता.

पुढच्या पावसाळ्यात त्याला मुलीच्या जन्माची तार आली. त्याने सगळ्यांना बर्फी वाटली, मालकालाही. मालकाने दोन तुकडे उचलले.