त्यायचं नाव

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा सहायक आहे. कॉलेजात घरी बसून शिकणाऱ्यांचं एक अभ्यासकेंद्रही आहे. कोरोनात सगळं फोनवर गेलं, तेव्हा प्राचार्यांनी माझा नंबर त्या विद्यार्थ्यांना देऊन टाकला आणि म्हणाले, "आता ह्यांना काही अडलं तर तूच." तेव्हापासून मी तो झालो. अडलं तर विचारायचा माणूस.

माझे विद्यार्थी म्हणजे काही पोरंटोरं नव्हती. दुकानात बसणारे, शिवणकाम करणाऱ्या, बँकेतला शिपाई, होमगार्डमधला एक जण. त्यांच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये कॉलेज होतं, पण दोघांमध्ये एक भिंत होती. ती मी बोलून बोलून पाडायची. "वर उजवीकडे तीन टिंबं दिसतात का? त्याच्यावर बोट ठेवा. आता उघडलं का?" तिकडून, "उघडून राह्यलं सर." उघडून राह्यलं म्हणजे अजून उघडायचंय. थांबायचं. एकाने उत्तरपत्रिकेचे फोटो पाठवले, प्रत्येक पानावर त्याचा अंगठा. म्हटलं, अंगठा काढा. तो म्हणाला, "सर, अंगठा काढला तं पान उडते, पंखा चालू हाय." हसायलाही येई. मला ते काम आवडत होतं, हे खरं आहे. कोणाला तरी आपली गरज आहे, असं मला त्याआधी फारसं वाटलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी करायचो. फोनवर पुस्तकी मराठी बोलायचो. मी स्वतः वऱ्हाडातलाच. पण तरुणपणी पुण्यात दोन वर्षं नोकरी केली. तिथं मी "येऊन राह्यलो" म्हटलं की समोरचा आधी हसायचा आणि मग उत्तर द्यायचा. परत आलो ते बोलणं टाकूनच. घरातसुद्धा मी "मले" नाही, "मला" म्हणतो. बायको म्हणते, "मोठे आले पुण्याचे." असो.

त्या विद्यार्थ्यांत एक बाई होत्या. उंद्रीच्या बाजूला त्यांचं गाव. अंगणवाडी सेविका. बारावीवर लागलेल्या, आणि सासर सांभाळून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आलेल्या. त्यांना सुपरवायझर व्हायचं होतं. सेविकांमधून सुपरवायझर घेतात, पण पदवी लागते, आणि वयाची अट असते. पहिल्याच फोनला त्यांनी मला सांगितलं होतं, "सर, ह्याच वर्षी झालं तं झालं. पुढच्या वर्षी मी वयातून जाते." एवढं सरळ. बाकी सगळ्या विषयांत त्या पास होत्या. राहिली होती प्रकल्पाची तोंडी परीक्षा. प्रकल्प गावातल्या लेकरांच्या वजनांवर. काट्याला लेकरू टांगून घेतलेली वजनं, त्यांच्या स्वतःच्या हातची.

त्यांच्याकडे साधा फोन होता. परीक्षेसाठी नवऱ्याचा घ्यायचा होता. नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी एकेकाची तयारी करून घेत होतो. कॅमेरा सरळ आहे का, आवाज येतो का, नाव नीट दिसतं का. नावाचं महत्त्वाचं होतं. कारण मागच्या एका तासात कोणीतरी टवाळ आत घुसून अर्वाच्य बोललं होतं, आणि प्राचार्यांनी बजावलं होतं की यादीतलं नाव दिसेल तोच आत. लिंक दाबली की माणूस आधी वेटिंग रूममध्ये येतो, तिथं त्याचं नाव मला दिसतं, मी घेतलं तरच तो परीक्षेत. दार माझ्या बोटाखाली.

बाईंचा नंबर आला. मी विचारलं, "मॅडम, वर नाव कुणाचं दिसतंय?"

"त्यायचं."

"त्यांचं म्हणजे कुणाचं?"

"त्यायचं हो सर." आवाज बारीक झाला. मागे कोणी म्हातारी खोकली. "आपलं... त्यायचंच."

मला वाटलं परीक्षा घेणाऱ्यांचं. मीटिंगच्या पाटीवर विद्यापीठाचं नाव येतं, ते त्या वाचत असतील. पुढे रांगेत अजून लोक होते.

"मग बरोबर आहे. राहू द्या."

"राहू देऊ? मले वाटलं, माह्यं पायजे."

"तुमचं आपोआप येईल."

आपोआप काही येत नसतं. हे मला माहीत होतं. तरी बोलून गेलो, कारण बोलणं संपवायचं होतं.

आता हे लिहिताना पहिली आठवते ती माझी आई. रेशनच्या दुकानात कारकून विचारायचा, "कार्ड कुणाच्या नावावर?" आई मला पुढे ढकलायची. "सांग रे, तुह्या बापाचं नाव सांग." मी मोठ्याने सांगायचो. किती वर्षं मी तिच्या तोंडाचं काम केलं. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही, सासू बाजूला बसलेली असताना तर नाहीच, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. "त्यायचं" म्हणजे कुणाचं, हे ज्याला फोनवर कळायला हवं होतं असा त्या अख्ख्या कॉलेजात एकच माणूस होता.

परीक्षेच्या दिवशी मी लॅबमध्ये मशीनसमोर. बाहेरच्या परीक्षक बाई दूरच्या शहरातून पडद्यावर. सुरुवातीलाच एक विद्यार्थी उशिरा जोडला जात होता. त्यांनी विचारलं, "आहे की नाही हा?" माझ्या तोंडून निघून गेलं, "येऊन राह्यला, मॅडम." त्या हसल्या. वाईट नव्हत्या हसल्या, सहज हसल्या. "येऊन राह्यला म्हणजे येतोय की राहिलाय?" दोनचार विद्यार्थीही हसले. माझे कान तापले. इतक्या वर्षांनी तेच हसू.

तोवर वेटिंग रूममध्ये एक पुरुषाचं नाव येऊन बसलं होतं. यादीत नसलेलं. मी तसंच राहू दिलं.

बाईंची पाळी आली. परीक्षकांनी नाव घेतलं. कोणी बोललं नाही. मी पुन्हा पुकारलं. आणि पुकारताना माझी नजर त्या बाहेर बसलेल्या नावावर गेली. आडनाव तेच होतं. "त्यायचंच" असं म्हणणारा तो बारीक आवाज, म्हातारीचा खोकला, सगळं एकदम ठिकाणावर आलं.

इथपर्यंतचं मी एकदोघांना पूर्वी सांगितलंय. माझ्याकडून गैरसमज झाला असं. पुढचं कोणालाच सांगितलं नव्हतं.

मला कळलं होतं. एक बटण दाबायचं होतं. पण दाबलं असतं तर परीक्षक बाईंनी विचारलं असतं, हा पुरुष कोण? मला सांगावं लागलं असतं की मॅडम, आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि मला ते काल समजलं नाही. त्या पुन्हा हसल्या असत्या. नसत्याही हसल्या कदाचित. त्या हसण्याच्या भीतीने मी म्हणालो, "बहुतेक रेंज नसेल, मॅडम. खेड्यातला विषय आहे."

"मग गैरहजर लावते. पुढचे?"

मनात म्हटलं, शेवटी घेऊ, थोडं निवळलं की विनंती करू. शेवटचा विद्यार्थी झाला. परीक्षक बाईंनी नमस्कार केला. त्या जायच्या आत बोलायचं होतं, आणि मी तोंड उघडेपर्यंत प्राचार्य लॅबमध्ये येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा कोण रे, मघापासून बाहेर बसलाय?"

"असाच कोणी घुसखोर असेल, सर," मी म्हणालो, आणि ते नाव काढून टाकलं. एकदा काढलेल्या माणसाला परत येता येऊ नये, अशी सेटिंग टवाळांसाठी मीच करून ठेवली होती.

माझा फोन टेबलावर पालथा होता, आवाज बंद. सुलटा केला तर बाईंचे मिस्ड कॉल एकाखाली एक.

मी फोन लावला. त्या रडत नव्हत्या. घाबरल्या होत्या. "सर, फोन म्हने, होस्ट तुम्हाले आत घेतील. मी बसून होती. मंग एकदम म्हने, तुम्हाले काढलं. माह्यं काही चुकलं का?"

"तुमच्याकडे रेंज नव्हती."

"पन सर, काड्या तं फुल होत्या."

"काड्या दिसतात, मॅडम. आतून डेटा नसतो."

असं होतंही कधी कधी. म्हणूनच ते खोटं चांगलं बसलं. मी शिकलेला, फोनचं जाणणारा. माझ्यावर उलटून त्या काय बोलणार?

फेरपरीक्षेचा एक मार्ग होता. चूक केंद्राकडून झाली असं केंद्राने कळवलं, तर विद्यापीठ लगेच पुन्हा घेत होतं. प्राचार्यांनी मला विचारलं, "आपल्याकडून की तिच्याकडून?" मी एकच शब्द बोललो. रेंज. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या कामाला लागले.

बाईंनी पुढच्या वर्षी केंद्रावर येऊन तोंडी दिली. पास झाल्या. पदवी आली. वय गेलं होतं. त्या अजून सेविकाच आहेत. ज्या नव्या सुपरवायझर बाई त्यांचं काम तपासायला येतात, त्या वयाने त्यांच्याहून बऱ्याच लहान आहेत.

त्यांनी माझा राग धरला असता तर बरं झालं असतं. त्या दर दिवाळीला फोन करायच्या. "सर, तुमच्यामुळं शिकली मी." कोणाचा फॉर्म अडला की माझा नंबर द्यायच्या. मी सगळ्यांची कामं केली, कधी कोणाला नाही म्हटलं नाही. लोक म्हणायचे, सर लई मनापासून करतात. मी का करतो ते मला माहीत होतं.

मागच्या जूनमध्ये त्यांचा फोन आला. मुलगी बारावी झाली होती. तिला घरी राहून एक ऑनलाइन कोर्स करायचा होता. "पन सर, आमच्या घरात रेंज पकडत नाही न. तुम्हीच सांगितलं होतं. हे म्हनतात, आपल्या घरात फोनवरचं शिकनं नाही चालत, पोरीचंही तुह्यासारखं होईन. पोरगी कवाची रडून राह्यली. काय करू?"

मी म्हणालो, "मी येतो." उपाय सांगण्याइतकं सोपं काही नव्हतं. टॉवर गावातच उभा आहे, आधीही होता. पण फोनवर मला खरं सांगणं जमेना.

दुपारी पोचलो तेव्हा अंगणवाडीतली लेकरं घरी गेली होती. बाई वजनाचा काटा खुंटीवरून काढून पुसत होत्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता आणि मग बोललो नसतो. उभ्यानेच सांगितलं. नाव मला दिसत होतं. तुमच्याच पाळीला मला कळलं होतं. रेंज तुमच्याकडे होती. शेवटी काढलं ते मी, हाताने.

त्या काटा पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मी पदराले पिन लावून बसली होती, सर. पाह्यतील म्हनून. मी दिसत होती का तुम्हाले?"

"नाही. फक्त नाव."

"त्यायचं."

"हो."

त्यांनी काटा खुंटीला अडकवला. तो थोडा वेळ हलत होता. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "मले नका सांगू. मी तं झाली म्हातारी. त्यायले सांगा."

कुणाला, हे या वेळी मी विचारलं नाही.

घर जवळच होतं. बाई पुढे, मी मागे. नवरा ट्रॅक्टर लावून नुकताच आला होता, ओट्यावर बसला होता. त्याची आई आत होती. तिने आवाज दिला, "सरायले पानी दे वं." मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. या वेळी माझ्या तोंडात "मले समजलं होतं" असं आलं, आणि मी ते बदललं नाही.

तो ऐकत होता. त्याच्या शर्टाच्या खिशात बटणाचा फोन होता. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तवापासून मोठा फोन हातात नाही धरला यायनं. आत्याबाई रोज म्हनत, तुह्या डबड्यानं सुनेची नोकरी खाल्ली. यायनं एक दिवस भंगारात देऊन टाकला."

मी मान वर केली नाही. वाटलं, आता हा उठेल, चार शिव्या देईल, अंगावर येईल. मी त्याची वाट पाहत होतो.

तो उठला. रांजणातून पाणी घेऊन पायांवर ओतलं. एक पाय दुसऱ्या पायावर घासला. मग माझ्याकडे वळून, मला नव्हे, स्वतःलाच सांगावं तसं म्हणाला,

"म्हंजे फोनचा काही कसूर नव्हता."